दिसलेला बेडूक ओळखावा कसा : गणापासून जातीपर्यंत, सह्याद्रीच्या संदर्भात

बेडूक ओळखायला बसलेला माणूस बहुधा रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच वाट चुकते. एकाच जातीचे दोन बेडूक एकाच डबक्यात एक तपकिरी आणि एक हिरवट असू शकतात. एकाच्या पाठीवर मधोमध पांढरी रेघ असते, तर त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच जातीच्या दुसऱ्या बेडकाच्या पाठीवर ती नसते. दिवसा फिकट दिसणारा बेडूक रात्री गडद होतो. म्हणून रंग हा पुरावा शेवटी पाहायचा. त्याआधी शरीराची घडण, बोटांची टोके, डोळ्याची बाहुली, कातडीवरच्या घड्या, राहण्याची जागा, अंडी घालण्याची रीत आणि आवाज या क्रमाने पुढे जायचे. उभयचरांचे वर्गीकरणही मुळात अशाच कायम टिकणाऱ्या लक्षणांवर उभे राहिले आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याला डीएनएच्या तुलनेची जोड मिळाली.

या लेखात गण, कुल, प्रजाती आणि जाती हे शब्द जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांतील अर्थाने वापरले आहेत. गणात अनेक कुले, कुलात अनेक प्रजाती आणि प्रजातीत अनेक जाती येतात. हा क्रम ध्यानात ठेवण्याचे कारण व्यवहारातले आहे. पुरावा जिथे संपतो तिथे ओळखणाऱ्याने थांबायचे असते, आणि ‘कुल नक्की, प्रजाती बहुधा ही, जाती सांगता येत नाही’ अशी नोंद ही चुकीच्या जातीनामापेक्षा अभ्यासाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. हौशी निरीक्षकांच्या नोंदींत सर्वाधिक नुकसान घाईने दिलेल्या जातीनामांनी होते, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : तीन गण

आज हयात असलेल्या उभयचरांचे तीनच गण आहेत. शेपूट नसलेले ते बेडूक आणि भेक, शेपूट असलेले ते सॅलमँडर आणि न्यूट, आणि पायच नसलेली ती देवगांडुळे. जगभरात मिळून ८,७०० हून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांतील सुमारे ८८ टक्के जाती एकट्या बेडकांच्या गणातील आहेत. सॅलमँडरांच्या जाती ८०० च्या वर, तर देवगांडुळांच्या २०० च्या वर आहेत. जातींची सर्वाधिक संख्या ब्राझीलमध्ये आहे. तिथे हजाराहून अधिक जाती आढळतात. आकारांतला फरकही थक्क करणारा आहे : कॅमेरून आणि इक्वेटोरियल गिनीतील गोलायथ बेडूक ३० सेंटिमीटरपेक्षा लांब होतो, तर पापुआ न्यू गिनीतून २०१२ मध्ये वर्णन झालेल्या पेडोफ्राइन अमाउएन्सिस या बेडकाची सरासरी लांबी ७.७ मिलिमीटर इतकीच भरते.

सॅलमँडरांचा प्रश्न महाराष्ट्रात आणि गोव्यात पटकन सुटतो, कारण ते इथे नाहीत. हा गण प्रामुख्याने उत्तर गोलार्धातील थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांचा असून त्यातील दोन तृतीयांशाच्या आसपास जाती फुप्फुसे नसलेल्या, कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेणाऱ्या एकाच कुलातल्या आहेत. हे कुल मुख्यतः अमेरिका खंडातले आहे. भारतात सॅलमँडर आढळतात ते दार्जिलिंग आणि त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात. त्यामुळे सह्याद्रीच्या ओढ्याजवळ चार पाय आणि शेपूट असलेला, ओलसर वाटणारा प्राणी दिसला, तर तो बहुधा सापसुरळी किंवा पाल असतो. अंगावर खवले आणि बोटांना नख्या दिसल्या की तो सरपटणारा प्राणी ठरला. शेपूट असलेले, पण नुकतेच पाय फुटलेले बेडकाचे पिल्लूही कधीकधी फसवते; पाण्याच्या काठावर बसलेले ते पिल्लू दोन-चार दिवसांत शेपूट शोषून घेते.

देवगांडुळांकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण हा गण आपल्या पायाखाली आहे आणि तरीही बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नाही. शेणखताच्या ढिगाखाली, नारळ-सुपारीच्या बागेतील ओल्या मातीत, कातळावरच्या सुट्या दगडांखाली ती सापडतात. लोक त्यांना सापाचे पिल्लू समजून मारतात किंवा मोठे गांडूळ समजून सोडून देतात. ओळख पटवण्यासाठी आधी डोक्याकडे पाहावे : देवगांडुळाला जबडा आणि दात असतात, गांडुळाला नसतात. मग कातडी पाहावी : तिच्यावर गोल वळ्या असतात आणि ती चिकट-ओली असते, तर जमिनीत राहणाऱ्या बिनविषारी खापरखवल्या सापांच्या अंगावर गुळगुळीत, कोरडे खवले असतात. शेवटची खूण सर्वांत पक्की असली तरी तिच्यासाठी भिंग लागते. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीकशी स्पर्शिका बाहेर येते. असा अवयव दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याला नाही.

पश्चिम घाटाच्या उत्तर भागात देवगांडुळांच्या तीन प्रजाती ध्यानात ठेवल्या तरी चालते. इक्थियोफिसला अगदी आखूड का होईना, शेपूट असते; त्यातील इक्थियोफिस बेडोमीच्या दोन्ही अंगांना पिवळा पट्टा असतो, इक्थियोफिस बॉम्बेएन्सिसला तो नसतो. गेगेनिओफिसला शेपूट नसते आणि डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात. तिसरी प्रजाती इंडोटिफ्लस. तिची पहिली जाती खंडाळ्याच्या परिसरातून १९६० मध्ये, तर दुसरी कोयनेच्या परिसरातील हुंबरळीतून २००४ मध्ये नोंदली गेली. आंबोलीतून २००३ मध्ये वर्णन झालेल्या गेगेनिओफिस डॅनिएली या जातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचे नाव आहे. त्याच वर्षी कोकणातील दोर्ले गावातून गेगेनिओफिस शेषाचारी ही जाती पुढे आली, आणि २००८ मध्ये ती अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते हे सिद्ध झाले. गोव्याच्या नावाची गेगेनिओफिस गोवाएन्सिस आणि म्हादई खोऱ्याच्या नावाची गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस या जाती २००७ मधल्या. ही सगळी वर्षे पाहिली तर सह्याद्रीतील देवगांडुळांचा अभ्यास किती अलीकडचा आहे ते कळते. आपल्या परसात निघालेले देवगांडूळ फोटो काढून, जागा टिपून परत त्याच मातीत सोडण्याची सवय गावागावांत लागायला हवी.

दुसरी पायरी : बेडकाचे कुल

भारतात उभयचरांच्या ४०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास पश्चिम घाटात आहेत. तिथल्या बहुसंख्य जाती जगात अन्यत्र कुठेही नाहीत. असे का झाले, याचे उत्तर भूगर्भात आहे. गोंडवन या प्राचीन भूखंडापासून सुटून भारतीय भूभाग दीर्घकाळ एकटा उत्तरेकडे सरकत होता, आणि त्याच्यावरचे बेडकांचे वंश स्वतंत्रपणे वाढत राहिले. केरळमधील जांभळ्या बेडकाचे, म्हणजे नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिसचे, २००३ मध्ये वर्णन झाले तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे हयात नातलग सेशेल्स बेटांवर असल्याचे दिसून आले. त्याच्यासाठी स्वतंत्र कुल करावे लागले. नाचरे बेडूक, म्हणजे मायक्रिक्झॅलिडी कुल, हेही फक्त पश्चिम घाटातले. ओढ्यातल्या दगडावर बसून मागचा पाय ताणून पडदा दाखवण्याची त्यांच्या नरांची रीत प्रसिद्ध आहे. परंतु नाचरे बेडूक आणि जांभळा बेडूक हे मुख्यतः दक्षिणेकडचे. महाराष्ट्रात दिसलेल्या बेडकासाठी ही नावे सुचली, तर आधी शंका घ्यावी.

महाराष्ट्र आणि गोव्यापुरते बोलायचे तर सात कुले पुरतात. निरीक्षकाने पहिला प्रश्न विचारायचा तो बोटांच्या टोकांविषयी : ती साधी, निमुळती आहेत की रुंद, चपट्या, चिकट चकत्यांनी संपतात? या एका प्रश्नाने अर्धे काम होते.

टोके साधी असतील, कातडी कोरडी आणि चामखिळीसारख्या उंचवट्यांनी भरलेली असेल, मागचे पाय आखूड असतील आणि डोळ्यामागे दोन ठळक फुगीर ग्रंथी असतील, तर तो भेक, कुल ब्युफोनिडी. घराच्या ओट्यावर, दिव्याखाली किडे खायला येणारा भेक म्हणजे दत्ताफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस. त्याच्या डोक्यावरच्या हाडांच्या कडा काळ्या टोकांच्या असतात, आणि ही खूण दुरूनही दिसते. त्याच्या ग्रंथींतला पांढरा स्राव डोळ्यांना झोंबतो, म्हणून भेकाला हात लागल्यावर हात धुवावेत. याच कुलातील झँथोफ्राइन ही प्रजाती मात्र सह्याद्रीची खास आहे आणि तिच्यात डोळ्यामागच्या ग्रंथी ठळक नसतात. तिच्या दोनच जाती आहेत : कोयनेवरून नाव मिळालेली झँथोफ्राइन कोयनेन्सिस, जिच्या अंगाच्या बाजूंवर पिवळे ठिपके असतात, आणि २००९ मध्ये वर्णन झालेली आंबोलीची झँथोफ्राइन टायगेरिना, जिच्या बाजूंवर वाघाच्या अंगावर असावेत तसे पिवळे आडवे पट्टे असतात. दुसरी जाती अतिसंकटग्रस्त मानली गेली आहे. पहिल्या जोरदार पावसात कातळाच्या खोलगट भागांत बोटभर पाणी साचते आणि हे भेक त्यातच अंडी घालतात; ते पाणी आटण्याआधी बेडूकमाशांना पाय फुटायला हवेत. पर्यटकांच्या गाड्या ज्या कातळावर उभ्या राहतात, तिथेच हे सगळे चालू असते. आंबोलीला जाणाऱ्याने निदान जूनमध्ये तरी सड्यावर गाडी चढवू नये, एवढे तरी पाळावे.

टोके साधी, पण कातडी ओलसर, पाय मजबूत आणि कर्णपटल, म्हणजे डोळ्यामागचा कानाचा गोल पडदा, स्पष्ट असेल, तर डायक्रोग्लॉसिडी कुलाकडे जावे. शेतखाचरे, विहिरी, डबकी आणि गवताळ जागा यांतील बहुतेक बेडूक याच कुलातले. सर्वांत मोठा हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, म्हणजे बुलफ्रॉग : पाठीवर लांबट उभ्या घड्या आणि मागच्या बोटांमध्ये पूर्ण पडदे. पावसाच्या आरंभी त्याचे नर लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या गडद निळ्या दिसतात. दर वर्षी याच काळात ‘कुठून तरी आलेले विचित्र पिवळे बेडूक’ म्हणून चित्रफिती फिरतात, त्या याच आपल्या जुन्या शेजाऱ्याच्या असतात. विणीचे दिवस सरले की रंग पुन्हा मातकट-हिरवट होतो. पाण्यावर फक्त डोळे वर काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून उड्या मारत पळणारा तो युफ्लिक्टिस. गोलमटोल, आखूड पायांचा आणि पाठीमागे सरकत मातीत शिरणारा तो स्फेरोथिका. मागच्या तळपायाच्या आतल्या कडेला असलेला कडक, धारदार उंचवटा हे त्याचे खोदण्याचे हत्यार आहे. सासवड परिसरातून २०१७ मध्ये स्फेरोथिका पश्चिमा या जातीचे वर्णन झाले, म्हणजे पुण्यासारख्या शहराच्या अंगणातही अनोळखी जाती होती.

याच कुलात मिनर्व्हेर्या ही प्रजाती येते आणि नवशिक्यांची सर्वाधिक फसगत तीच करते. भाताच्या खाचरात बांधावरून पायाखाली उडणारे, बोटाच्या पेरापासून बोटाएवढे लहान तपकिरी बेडूक बहुधा तेच. पोटाच्या कडेला दोन्ही बाजूंनी जाणारी फिकट रेघ पाहून प्रजातीपर्यंत पोहोचता येते. त्यापुढे फोटोवरून जाऊ नये. त्यांच्या कित्येक जाती बाह्यरूपाने इतक्या सारख्या आहेत की त्या वेगळ्या आहेत हे आवाज आणि डीएनए यांची तुलना केल्यावरच पटले. पाठीवरची मधली रेघ असणे-नसणे हा जातीभेद मानून अनेक नोंदी चुकलेल्या आहेत. एकाच जातीत दोन्ही प्रकार आढळतात.

टोके साधी, डोके लहान आणि टोकदार, तोंड अरुंद, कर्णपटल दिसतच नाही अशी ठेवण असेल, तर मायक्रोहायलिडी. अंगणातल्या साचलेल्या पाण्यातून आकाराच्या मानाने प्रचंड आवाज काढणारा मायक्रोहायला पाठीवरच्या गडद, मध्ये आवळलेल्या नक्षीवरून चटकन कळतो. याच कुलातला युपेरोडॉन जाडजूड असून धोका दिसताच अंग फुगवतो आणि वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली काढतो.

आता चकत्या असलेले बेडूक. इथे लगेच ‘झाडबेडूक’ म्हणून मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण चकत्या चार कुलांत आढळतात. पाठीच्या दोन्ही कडांनी डोळ्यापासून कमरेपर्यंत जाणारी ठळक घडी असेल, तर रॅनिडी : सोनेरी पाठीचा इंडोसिल्व्हिराना, पसरट पाणवठ्यांवरचा हायड्रोफायलॅक्स, आणि पाठ फिकट व बाजू गडद असलेला क्लायनोटार्सस. यांच्या चकत्या लहान असतात. क्लायनोटार्ससचे मोठे, काळे बेडूकमासे ओढ्याच्या संथ डोहात थव्याने फिरतात, आणि पावसाळ्यानंतर ओढा पाहणाऱ्याला प्रौढ बेडकाच्या आधी तेच भेटतात.

अशी कडेची घडी नसेल आणि बेडूक ओढ्यात किंवा ओढ्यालगत असेल, तर डोळ्याची बाहुली जवळून पाहावी. निक्टिबॅट्रॅकिडी कुलातील निशाबेडकांची बाहुली चौकट-चौकोनी, शंकरपाळ्याच्या आकाराची असते, कातडी सुरकुतलेली असते आणि कर्णपटल अस्पष्ट असते. विजेरीचा झोत थेट डोळ्यांवर न टाकता बाजूने धरला, तर हा आकार फोटोत स्वच्छ उतरतो. महाबळेश्वरहून १९५५ मध्ये वर्णन झालेला निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी हा या प्रजातीचा आपल्याकडचा प्रतिनिधी. तो ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो. पिल्ले बाहेर पडताच खाली पाण्यात पडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की नर मादीला घट्ट मिठी न मारता, हात पानावर किंवा फांदीवर टेकून तिच्यावर ओणवा बसतो, आपले रेत तिच्या पाठीवर सोडतो, आणि मादी अंडी घालते ती नर बाजूला झाल्यावर. बेडकांच्या अन्य कोणत्याही जातीत तोवर ही रीत नोंदलेली नव्हती. या जातीची मादीही आवाज काढते, जे बेडकांत क्वचितच आढळते.

बाहुली आडवी, कर्णपटल स्पष्ट, पाठीवर तुटक उभ्या घड्या, आणि बेडूक जंगलातील पाचोळ्यातून लांब उडी मारून जातो आहे, तर रॅनिक्झॅलिडी कुलातला इंडिराना. आंबोलीतून २०१४ मध्ये वर्णन झालेला इंडिराना चिरावासी जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतींत, चिऱ्यांमधल्या फटींत राहतो, आणि त्याचे नावही तेच सांगते. या प्रजातीचे बेडूकमासे पाण्यात पोहत नाहीत. झिरपत्या, ओल्या कातळावर ते चिकटून शेवाळ खरवडतात आणि डिवचल्यास उड्या मारतात. पावसाळ्यात घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यावर नीट पाहिले, तर पातळशा पाण्याच्या थरात ते सापडतात आणि प्रौढ बेडूक न दिसताही प्रजाती नक्की होते.

उरलेले कुल ऱ्हॅकोफोरिडी, म्हणजे खरे झाडबेडूक. चकत्या मोठ्या, गोल, शरीर सडपातळ, डोळे मोठे. न्हाणीघरात, पाण्याच्या पिंपामागे सापडणारा पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस हा यांतला सर्वांचा परिचित. मांडीच्या मागच्या बाजूवर पिवळे ठिपके असतात, पाय पसरल्यावरच दिसतात. हिरवी पाठ आणि बोटांमधले लाल पडदे असलेला ऱ्हॅकोफोरस मलबारिकस झाडावरून तिरपा झेपावतो. दोघेही पाण्यावरच्या फांदीवर फेसाचे घरटे करतात. याच कुलातले राओर्केस्टिस आणि स्यूडोफिलॉटस हे झुडपी बेडूक मात्र पाण्याकडे फिरकतही नाहीत : त्यांच्या अंड्यांतून बेडूकमासा न येता थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. राओर्केस्टिस हे नाव भारतीय बेडकांचे आद्य अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ २०१० मध्ये दिले गेले, आणि त्यातील राओर्केस्टिस घाटेई या २०१३ मधील जातीला पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हे. वि. घाटे यांचे नाव आहे. झुडपी बेडकांतही जातीपर्यंत जायचे तर आवाज हवाच.

तिसरी पायरी : आवाज

नर बेडूक ओरडतो ते आपल्याच जातीच्या मादीने ओळखावे म्हणून. त्यामुळे दोन जाती दिसायला कितीही सारख्या असल्या, तरी एकाच डबक्यावर त्यांचे आवाज एक नसतात, आणि ज्या निरीक्षकाकडे आवाज आहे त्याच्याकडे सर्वांत विश्वासार्ह बाह्य पुरावा आहे. साध्या मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रणही उपयोगी ठरते, मात्र काही गोष्टी पाळाव्यात. ज्या बेडकाचा आवाज घेतला त्याचाच फोटो घ्यावा. अंधारात एकाचा आवाज आणि शेजारच्याचा फोटो अशी गल्लत सहज होते. आधी ध्वनिमुद्रण, मग प्रकाश आणि फोटो हा क्रम ठेवावा, कारण प्रकाश पडताच नर गप्प बसतो. शक्य तितके जवळ जाऊन निदान एक-दोन मिनिटे सलग मुद्रण करावे, आवाज स्वच्छ करणारी सोय बंद ठेवावी आणि मूळ फाइल दाबून लहान करू नये. हवेचे तापमान लिहून ठेवावे, कारण थंडीत त्याच बेडकाच्या आवाजाचे ठोके मंदावतात. पाऊस जोरात असताना घेतलेले मुद्रण बहुधा वाया जाते. सर थांबल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत चांगला.

फोटो आणि टिपण

एकच देखणा फोटो ओळखीच्या कामाचा नसतो. वरून संपूर्ण पाठ, बाजूने डोळा आणि कर्णपटल, समोरून तोंड, पुढच्या पंजाची बोटे, मागच्या पंजातील पडदे, आणि बेडूक काचेवर किंवा पानामागे बसलेला असेल तर पोट, असे फोटो घ्यावेत. शेजारी मोजपट्टी ठेवता आली तर नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मिळते. बेडकाची लांबी नेहमी अशीच मोजतात, पाय धरत नाहीत. टिपणात तारीख, वेळ, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि बेडूक नेमका कशावर बसला होता, हे लिहावे : ‘ओढ्याजवळ’ यापेक्षा ‘ओढ्याच्या पात्रातील ओल्या दगडावर, पाण्यापासून वीतभर उंचीवर’ ही नोंद दहापट मोलाची.

बेडूक हातात घेण्याची गरज क्वचितच असते. त्याची कातडी पाणी आणि हवा दोन्ही शोषते, म्हणून डास पळवणारे मलम किंवा क्रीम लावलेल्या हाताने त्याला कधीही स्पर्श करू नये. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जाताना बुटांचा चिखल धुवून ते वाळवावेत. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी जगभर अनेक जातींच्या ऱ्हासाला कारण झाली आहे आणि उत्तर पश्चिम घाटातील बेडकांतही तिची लागण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळली. २०२३ च्या जागतिक मूल्यमापनानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, आणि पृष्ठवंशीयांत याहून वाईट अवस्था कोणत्याही वर्गाची नाही. बेडूक पकडून घरी आणणे, बाटलीत भरणे, अल्कोहोलमध्ये ठेवणे हे वनविभागाच्या परवानगीशिवाय कोणीही करू नये; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि गोव्यात व कोकणात पावसाळ्यात होणारी बुलफ्रॉगची शिकारही त्या कायद्याखाली गुन्हाच आहे.

निरीक्षकाने स्वतःचीही काळजी घ्यावी. रात्री सड्यावर फुरसे आणि झुडपांत चापडा हे विषारी साप असतात, कारण तेही बेडकांच्याच मागावर असतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दोन विजेऱ्या आणि सोबत एक तरी माणूस यांशिवाय जाऊ नये. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

नाव पडताळणे

कुल आणि प्रजाती ठरल्यावर त्या प्रजातीच्या कोणत्या जाती आपल्या जिल्ह्यातून नोंदलेल्या आहेत ते पाहावे. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची उभयचरांची जागतिक यादी आणि अ‍ॅम्फिबियावेब या दोन संकेतस्थळांवर प्रत्येक जातीचे सध्याचे मान्य नाव, जुनी नावे आणि मूळ वर्णनाचे ठिकाण मिळते. जुनी नावे पाहणे अत्यावश्यक आहे. जुन्या पुस्तकांतला राना टायग्रिना म्हणजे आजचा हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, ब्युफो मेलॅनोस्टिक्टस म्हणजे दत्ताफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस, आणि फिलॉटस म्हणून लिहिलेले सह्याद्रीतले बहुतेक झुडपी बेडूक आता राओर्केस्टिस किंवा स्यूडोफिलॉटस झाले आहेत. ही नावे बदलली कारण नातेसंबंध नव्याने उलगडले. एका जुन्या नावाखाली दडलेल्या दोन-तीन जाती वेगळ्या झाल्या, तर जुन्या यादीतील नाव आपल्या बेडकाला लागू राहतेच असे नाही. निक्टिबॅट्रॅकस या एकाच प्रजातीत २०११ मध्ये १२ आणि २०१७ मध्ये ७ नव्या जातींची भर पडली.

मूळ वर्णनाचे ठिकाण आपल्या जागेपासून फार दूर असेल, मध्ये एखादी मोठी खिंड किंवा कोरडा पठारी पट्टा असेल, तर तेच नाव लावताना हात आखडता घ्यावा. केरळातील जातीचे नाव रायगडातल्या बेडकाला केवळ फोटो जुळतो म्हणून देऊ नये. पश्चिम घाटाच्या उत्तर भागात सात-आठ महिने कोरडे जातात आणि दक्षिणेत पाऊस अधिक काळ पडतो, त्यामुळे दोन्हीकडच्या जाती बऱ्याच वेगळ्या आहेत.

नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर टाकताना नाव खात्री असलेल्या पायरीपर्यंतच द्यावे, ध्वनिमुद्रण जोडावे आणि इतरांनी सुचवलेले नाव कारण विचारल्याशिवाय स्वीकारू नये. संगणकाने आपोआप सुचवलेले नाव तर कधीच नुसते दाबून मोकळे होऊ नये, कारण ती सुचवणूक बहुतांशी रंग आणि नक्षी पाहून होते. आंबोलीच्या वाघभेकासारख्या (झँथोफ्राइन टायगेरिना), मूठभर जागेत राहणाऱ्या जातीचे अचूक ठिकाण सर्वांना दिसेल असे ठेवू नये. संकेतस्थळावर ठिकाण धूसर करण्याची सोय असते ती वापरावी आणि मूळ अक्षांश-रेखांश आपल्या वहीत, ध्वनिमुद्रणाच्या फाइलच्या नावाबरोबर, त्याच रात्री लिहून ठेवावेत.